पुढच्या चाकातली मोटर

६ जानेवारी

दादा,

आधी नमस्कार घे, म्हणजे पुढचं वाचून चिडायला मोकळा होशील.

मी सायकलला मोटर बसवायची ठरवलंय. हो, त्याच सायकलला. एकतीस वर्षांपूर्वी मी दवाखान्यात परिचारिका म्हणून रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी, तू दुकानात स्वतःच्या हातांनी जोडून मला दिलीस ती काळी सायकल. बातमी दुसऱ्याकडून कळून तुझा रक्तदाब वाढण्यापेक्षा माझ्याकडून कळून वाढलेला बरा.

कारण ऐक. रोज नऊ घरी जाऊन मी जखमा धुते, पट्ट्या बांधते. त्यातली चार घरं टेकडीवर. तिथं बस जात नाही, हे तुला माहीत आहे. गेले सहा महिने माझा उजवा गुडघा चढणीवर पाय रोवून बसतो. मग मी खाली उतरते आणि सायकल ढकलत नेते. वर पोचेपर्यंत पेशंट कोण आणि नर्स कोण, असा प्रश्न पडावा अशी माझी अवस्था असते. मागच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं आणि फार गोड आवाजात सांगितलं, की एप्रिलपासून तुम्ही खाली बसून रजिस्टर सांभाळा, टेकडीच्या फेऱ्या आपण बंद करू. ते गोड बोलले की समजावं, काहीतरी काढून घेणार आहेत.

टेकडीवर गणिताच्या बाई आहेत. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, घोट्यावर जखम आहे, ती दिवसाआड धुवावी लागते. त्या खाली कशा येणार? मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, बघू. हे बघू मी एकतीस वर्षं बघतेय.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक लिफ्ट दुरुस्त करणारे राहतात. आयुष्यभर लोकांना वर पोचवलं आणि स्वतः तळमजल्यावर राहतात, म्हणून सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणून हसतात. माणूस अबोल आहे, पण वायरिंग पक्कं. ते बसवून देणार आहेत. मोटरचं चाक, बॅटरी, सगळं सामान मागवलंय.

तुझ्या कानांना फोन आता नुसता गुणगुणतो, आणि सूनबाईच्या मोबाईलवर लिहिलं की घरभर जाहीर होतं असं तूच म्हणतोस. म्हणून हे पत्र. कसं वाटलं ते कळव. न कळवताही मला कळेल.

तुझी,
धाकटी


११ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद आहेतच, ते काही मोटरवर चालत नाहीत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चष्मा बदलायला हवा. दुसऱ्यांदा वाटलं, बहीण बदलायला हवी. सायकलला मोटर. उद्या घास चावायला जबड्याला मोटर लाव, आणि परवा त्या मोटरलाच दवाखान्यात पाठव, तुझी हजेरी तीच लावील. सायकल म्हणजे काय ते तरी आठवतंय का? दोन चाकं, एक साखळी आणि चालवणाऱ्याची लाज. त्यातली लाज तू काढून ठेवलीस. उरलं काय, तर बॅटरी लावलेलं भंगार.

अडतीस वर्षं मी दुकान चालवलं. सत्तरी ओलांडलेले लोक माझ्याकडून सायकली घेऊन गेले आणि त्याच टेकडीवर चढले. त्यांचे गुडघे काय पोलादाचे होते? तू सत्तावन्नची. तुझ्या वयाला मी दोन पोती घेऊन ती चढण चढत होतो.

आणि हा लिफ्टवाला कोण? ज्यानं जन्मभर दोरीला टांगलेली पेटी वरखाली केली, तो माझ्या सायकलीला हात लावणार? लिफ्टला तोल सांभाळावा लागत नाही. ती पडली तर सरळ पडते. सायकल कशी पडते ते त्याला विचार.

एवढं सांगूनही ते खेळणं लावायचंच असेल, तर मागच्या चाकाला लाव. पुढच्या नको. पुढच्या चाकात मोटर म्हणजे गळ्यात दावं बांधून कोणी फरफटत न्यावं तसं. कारण विचारू नकोस, मी सांगतो म्हणून ऐक. आणि काही झालं तरी समोरच्याकडे सायकल नेऊ नकोस. माझ्या दुकानासमोर त्याचं दुकान होतं आणि माझं बंद झालं तरी त्याचं चालू आहे, यावरून लोकांची पारख किती ते कळतं.

गुडघ्याला शेक देतेस ना?

दादा


१७ जानेवारी

दादा,

पत्र मिळालं. पहिलं दीड पान माझ्या पायांवर, पाऊण पान लिफ्टवाल्यांवर, आणि शेवटी गुडघ्यासाठी एक ओळ. ती ओळ कापून ठेवली, बाकीचं लिफ्टवाल्यांना वाचायला दिलं. ते म्हणाले, "तुमच्या भावाचं अक्षर चांगलं आहे." यापेक्षा मोठं वाक्य मी त्यांच्याकडून अजून ऐकलेलं नाही.

मोटर पुढच्याच चाकात बसणार. त्यांनी मला समजावलं ते असं. मागे बसवायची तर चौकटीचे पाय फाकवावे लागतात, साखळीचं दातेरी चक्र बदलावं लागतं, आणि जुन्या चौकटीला एवढं छळायला नको. पुढे मात्र जुनं चाक काढायचं, मोटरचं चाक लावायचं, दोन नट आवळायचे, झालं. बॅटरी कॅरिअरवर, माझा औषधांचा डबा पुढच्या बास्केटमध्ये. ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद. त्यांनी ब्रेकचं आधी बघितलं. म्हणाले, यंत्राला आधी थांबायला शिकवायचं, मग चढायला. तू मला सायकल शिकवलीस तेव्हा नेमकं उलटं केलं होतंस.

तुझं खरं दुखणं मला कळलंय. माझ्या सायकलीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला तुला खपत नाही. पंक्चर झालं तरी मी दोन मैल चालत तुझ्या दुकानात यायचं, असा तुझा नियम होता. दरवर्षी तू ती आठवडाभर ठेवून घ्यायचास आणि पुढचा चिमटा, ज्याच्या दोन पायांत पुढचं चाक बसतं, तो न विसरता रंगवून द्यायचास. सगळी सायकल सोलवटलेली आणि चिमटा मात्र नवाकोरा. लोक हसायचे. मी म्हणायचे, माझ्या भावाचा जीव आहे माझ्यावर. आता वाटतं, जीव तुझ्या नावावर होता. दुकान बंद होऊन चार वर्षं झाली दादा. आता सायकल माझी आहे असं समज.

सामान आलं. मोटरचं चाक हातात घेऊन बघितलं, कलिंगडाएवढं जड आहे.

धाकटी


२१ जानेवारी

धाकटे,

कलिंगडाएवढं जड चाक पुढे लावून तू त्यावर औषधांचा डबा ठेवणार. शाबास. वर स्वतः बसणार. तुमच्या लिफ्टवाल्याला विचार, लिफ्टमध्ये किती माणसं ते भिंतीवर लिहिलेलं असतं ना? सायकलवर कोण लिहिणार?

मी तुला साधी गोष्ट सांगतो. चिमटा सोडव आणि पार्सलनं माझ्याकडे पाठव. रंग उडाला असेल, मी इथं बसून लावून देतो. इथं मुलाच्या घरी मला उद्योग नाही. चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून दुसऱ्यांच्या सायकली बघतो, एकाचंही चाक सरळ नसतं. चिमटा येऊन जाईपर्यंत महिना जाईल, तेवढ्यात तुझ्या डोक्यातलं खूळही जाईल.

आणि जात नसेल तर खरं सांगतो. रजिस्टर सांभाळणं काही वाईट नाही. सावलीत खुर्ची आहे, पंखा आहे, तुझं अक्षर बरं आहे. माणसानं आपलं वय ओळखावं. टेकडीवरच्या त्या बाईंची सोय दवाखाना बघेल, ती काही तुझी जन्माची जबाबदारी नाही. मोटर लावून तरुण झाल्याचं सोंग करण्यापेक्षा खुर्चीत बसून म्हातारं होणं जास्त इभ्रतीचं.

चिमटा पाठव. हट्ट करू नकोस.

दादा


९ फेब्रुवारी

दादा,

एकोणीस दिवस लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर पुढची एकोणीस वर्षं तू बोलला नसतास. रजिस्टरबद्दलची तुझी ओळ मला डॉक्टरांच्या गोड आवाजात ऐकू आली. परक्यानं म्हटलं तर माणूस पदर झटकून उठतो. तुझं काय करायचं?

असो. मोटर बसली. २९ तारखेच्या सकाळी लिफ्टवाल्यांनी अंगणात सायकल उलटी ठेवून चाक लावलं. वायरी चौकटीला इतक्या नीट बांधल्या, की मला माझ्या पट्ट्यांची लाज वाटली. हँडलवर अंगठ्याचा एक खटका आहे. तो दाबला की मागून कोणीतरी हळूच हात लावल्यासारखं वाटतं, खरं तर पुढून ओढत असतं. पायडल मारावंच लागतं. ज्या म्हाताऱ्यांच्या पोलादी गुडघ्यांचं तू कौतुक करतोस, त्यांना हे मिळालं असतं तर त्यांनी तुझ्या दुकानाला कधीच बाहेरून कुलूप लावलं असतं.

सोमवारी चढण चढले. न उतरता. तुझी ती वळणावरची जागा, जिथं सगळे थांबून निसर्ग बघायचं नाटक करतात, तिथूनही सरळ वर गेले. गणिताच्या बाई दारात घड्याळ घेऊन बसल्या होत्या. "पंचवीस मिनिटांवरून अकरा," म्हणाल्या. "पण पट्टी आधीसारखीच हळू बांध. घाई फक्त रस्त्यावर." जखमेची कड आता गुलाबी दिसायला लागलीय. घाम न गाळता पोचलं की हातही थरथरत नाही, हे मला या वयात कळलं.

मोठ्या डॉक्टरांनी खिडकीतून बघितलं. मग खाली येऊन सायकलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ठीक आहे, मार्चअखेरपर्यंत बघू." यावेळचं बघू जरा वेगळं होतं.

उतरताना पुढून बारीक कुरकुर ऐकू येते. लिफ्टवाले म्हणतात, बास्केटचा स्क्रू असेल. तुला सांगितलं, कारण तुला दोष सापडला नाही तर जेवण जात नाही.

धाकटी


१३ फेब्रुवारी

धाकटे,

सायकलवर बसू नकोस. हे पत्र वाचतेस तिथूनच सायकल हातानं घरी ने. मगाशी सूनबाईच्या मोबाईलवरून तसा निरोप पाठवलाय, पण तुला पटणार नाही अशी भीती आहे, म्हणून कारण लिहितो.

ती कुरकुर स्क्रूची नाही. पुढच्या चिमट्याचा डावा पाय मोडून जोडलेला आहे. मीच मोडला, मीच जोडला.

तुला सायकल द्यायच्या दिवशी दुपारी ती तयार होऊन दुकानाबाहेर उभी होती. समोरचा दुकानदार रस्ता ओलांडून आला, बघून गेला आणि म्हणाला, "तुमच्या सायकली दिसतात ताठ, पण उतारावर डुगडुगतात." एवढंच. मी सरळ तुझ्या सायकलवर बसलो, टेकडी चढलो आणि ब्रेक न लावता खाली आलो. डुगडुगली नाही. खालच्या वळणावर दगडी खांब होता, त्यावर जाऊन आदळली. तुला सांगितलं होतं की पायरीवर पडून कोपर सोललं. ते त्या खांबावर सोललं.

समोरचा धावत आला. त्यानं मला उठवलं. चिमटा बघितला आणि म्हणाला, "माझ्याकडे नवा आहे, घेऊन जा. उद्या बहीण कामावर जाणार आहे ना?" मी म्हटलं, तुझ्या दुकानातलं लोखंड माझ्या बहिणीच्या सायकलीला लागणार नाही. माझ्याकडे त्या मापाचा शिल्लक नव्हता. मी चिमट्याचा पाय पितळ वितळवून झाळला, कानशीनं साफ केला, काळा रंग दिला आणि संध्याकाळी तुला म्हटलं, सगळं नवं आहे. तू तेव्हा रडलीस. त्यानंतर सांगणं कठीण होत गेलं.

झाळ चांगली होती. पायानं चालवताना जोर मागच्या चाकाला लागतो, पुढचा चिमटा फक्त वाट दाखवतो. तरी दरवर्षी मी रंग खरवडून सांधा बघायचो, म्हणून आठवडाभर ठेवून घ्यायचो, म्हणून दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचो नाही. दुकान बंद केलं तेव्हा नवा चिमटा घालून देणार होतो. मग तू विचारलं असतंस, का? आणि आता मोटर पुढे बसली. सगळं ओढायचं काम त्या दोन पायांवर आलं, वर चाकाचं वजन, वर डबा. पाय गेला तर चाक निसटेल आणि तू उतारावर तोंडावर पडशील.

तुझ्या पायांना नावं ठेवली, लिफ्टवाल्याला ठेवली. वाटलं, चिडून तरी मोटरचा नाद सोडशील. तू चिडलीस आणि बसवूनच टाकलीस.

पोच दे. कोणाच्याही मोबाईलवर दे. घरभर कळलं तरी चालेल.

दादा


१८ फेब्रुवारी

दादा,

तुझा निरोप तेराला मिळाला. मी लिफ्टवाल्यांना दाखवला आणि म्हणाले, "बघा, आता टोमणे मोबाईलवरूनही सुरू झाले." ते हसले. मीही हसले. मग चार दिवस सायकल चालवली. रोज वर, रोज खाली. तुझी दोन पत्रं वाचल्यावर तिसऱ्या इशाऱ्यावर कोणी विश्वास ठेवावा अशी तुझी अपेक्षा होती का?

पत्र काल दुपारी दवाखान्यात मिळालं. सकाळची टेकडी करून आले होते. उभ्यानं वाचलं. मग शस्त्रक्रियेचं एक पातं घेतलं, सायकलीच्या शेजारी बसले आणि रंग खरवडला. आधी काळा, मग खालचा काळा, मग त्याखालचा. किती थर दिलेस रे. शेवटी पितळेची पिवळी रेघ दिसली. आणि तिच्या वर केसासारखी बारीक चीर, पायाच्या निम्म्या घेरापर्यंत गेलेली, आतून गंजलेली. म्हणजे ती आजची नाही.

सायकल ढकलत घरी आणली. लिफ्टवाल्यांनी बघितलं, चिरेवरून नख फिरवलं आणि पायरीवर बसले. म्हणाले, "दोराची एक तार तुटलेली दिसली तरी मी लिफ्ट बंद करतो. इथं न तपासता नट आवळले." कालपासून ते माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांना वाटतंय त्यांची चूक झाली. तू ज्याला पेटी वरखाली करणारा म्हणालास, त्याला लाज वाटतेय. सांगावं म्हटलं.

आता माझं. चिमटा मोडला याचा मला राग नाही. तरुण होतास, आगाऊ होतास. जोडलास याचाही नाही. माझा राग या महिन्याचा आहे. "चिमटा मोडका आहे, बसवू नकोस," एवढंच लिहायचं होतं. त्याऐवजी तू माझं वय काढलंस, माझे गुडघे काढलेस, मला रजिस्टरवर बसवलंस, गणिताच्या बाईंना वाऱ्यावर सोडलंस. मी पडेन ही भीती तुला होती, मान्य. पण तुझं नाव पडेल ही भीती तिच्याहून मोठी होती, आणि ते नाव वाचवायला तू मला छोटी करत राहिलास. तुझ्या कारागिरीची पत राहावी म्हणून मी निकामी ठरायचं.

लोकांना मी सांगायचे, माझा भाऊ बोलतो वाईट पण काम खोटं करत नाही.

उद्यापासून टेकडी पायी. पत्र लिहू नकोस असं म्हणत नाही. उत्तराची वाट बघू नकोस.


२४ फेब्रुवारी

धाकटे,

तू खाली नाव लिहिलं नाहीस. ते दिसलं.

तू लिहिलंस त्यातलं एकही वाक्य खोडता येत नाही. मी प्रयत्न करून बघितला.

एक काम केलंय ते कळवतो. समोरच्याला पत्र लिहिलं. चार वेळा लिहावं लागलं, कारण पहिल्या तिन्हींत शेवटी मी त्यालाच नावं ठेवली होती. चौथ्यात फक्त झालं ते लिहिलं. त्याला विनंती केली, की एकतीस वर्षांपूर्वी देत होतास तसा एक पोलादी चिमटा माझ्या बहिणीच्या घरी जाऊन बसवून दे, आणि सगळी सायकल तपास, मी जोडलेला प्रत्येक सांधा तपास. मी केलंय म्हणून काही सोडू नकोस.

लिफ्टवाल्यांना सांग, रंगाखाली काय आहे ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं. ते दिसू नये म्हणूनच रंग दिला होता. चूक माझी आहे. हे पत्र त्यांना वाचायला दे.

तो दारात आला तर त्याला आत घे.

दादा


६ मार्च

दादा,

तो आला. गेल्या रविवारी, हातात कागदात गुंडाळलेला चिमटा आणि खांद्याला हत्यारांची पिशवी. मी त्याला इतकी वर्षं रस्त्याच्या पलीकडूनच बघितलेलं, तेही तुझ्या नजरेतून. जवळून साधा म्हातारा आहे. म्हणाला, "ताई, भावाचं पत्र आलं. सायकल कुठं आहे?"

तुझ्याबद्दल एक शब्द वाकडा बोलला नाही. मीच विचारलं, तुम्हाला त्या दिवसापासून माहीत होतं ना? तो म्हणाला, "हो. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच सायकलवरून गेलात. मी ओळखलं, जोडलाय. मग रोज तुम्ही दुकानासमोरून गेलात की मी चिमट्याकडे बघायचो." मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? म्हणाला, "तुमच्या भावानं गावभर मला सायकलींचा खाटीक ठरवलं होतं. मी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, धंद्यासाठी बोलतोय."

म्हटलं असतं. पण तरी मी त्याला सुनावलं, आणि तुलाही सुनावते. दोन कारागिरांना एकतीस वर्षं माहीत होतं, आणि सायकल मी चालवत होते. एकाला स्वतःचं नाव जपायचं होतं, दुसऱ्याला अपमान टाळायचा होता. दोघांच्या मानापानाचं ओझं त्या एका पितळी रेघेवर, आणि तिच्यावर मी. तो सायकलीपाशी खाली बसला. मग म्हणाला, "त्या पिशवीतला पाना द्या."

चिमटा त्यानं बसवला. लिफ्टवाल्यांनी शेजारी बसून प्रत्येक नट स्वतः पुन्हा तपासला. मोटरचा आस फिरू नये म्हणून एक पोलादी पट्टी लावली, ती कल्पना दोघांची मिळून. तुझं पत्र मी लिफ्टवाल्यांना दिलं होतं. त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि आता माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात, म्हणजे फार नाही. समोरच्यानं बाकीचे सांधेही बघितले. म्हणाला, "हे सगळं पक्कं आहे. असं काम मला जमलं नसतं." तुला कळवायला सांगितलं नव्हतं, मी कळवते.

मधले दहा दिवस पायी गेले. दोन दिवस गुडघा इतका सुजला की टेकडी चुकली. गणिताच्या बाईंची पट्टी ओली राहिली, जखमेला वास सुटला, ताप आला. आता पुन्हा कड गुलाबी दिसतेय. त्या दोन दिवसांचा हिशोब त्यांनी मला विचारला नाही, म्हणून जास्त लागलं.

मी तुला माफ केलंय की नाही हे मला माहीत नाही. कामाचं मात्र बोलायचंय. दवाखान्यातल्या आणखी दोघींना मोटर हवीय. मोठे डॉक्टर म्हणतात, टेकडी सुरूच ठेवू, पलीकडचा भागही घेऊ. त्या दोघींच्या सायकली तुझ्याच दुकानच्या आहेत, जुन्या. तू कुठं काय जोडलंयस ते समोरच्याला ठाऊक नाही, लिफ्टवाल्यांना सायकली कळत नाहीत. तू ये. चालवणारीला आधी सगळं खरं सांगायचं, रंग खरवडून दाखवायचं, मगच मोटरला हात लावायचा. येताना माझ्या वयाबद्दलची तुझी मतं सूनबाईकडे ठेवून ये.

धाकटी


११ मार्च

धाकटे,

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. सूनबाई म्हणाली, एवढ्या लांब एकटे कसे जाणार? मी तिला सांगितलं, बहिणीनं कामाला बोलावलंय. हे बोलताना मला बरं वाटलं, ते तिनं बघितलं.

मोटर मला अजूनही आवडलेली नाही. सायकलला ओढून नेणं हे तिच्याशी नीट वागणं नव्हे. पण तू अकरा मिनिटांत वर पोचतेस आणि हात थरथरत नाही, हे मी पाच-सहा वेळा वाचलं. त्यापुढे माझ्या आवडीला कोण विचारतो.

त्या दोन सायकली मला आठवतात. एकीच्या चौकटीला खालून एक ठिगळ आहे. तेही मी लपवलं होतं. दुसरीत काही नाही असं वाटतं, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस. दोघींना मी स्वतः सांगतो, तू आधी बोलू नकोस. मला बोलता आलं नाही तर मात्र बोल.

अडतीस वर्षांत माझं काम कोणी तपासलं नाही. मी तपासू दिलं नाही. आता रात्री झोप लागेपर्यंत तेच डोक्यात घोळतं. समोरच्याला सांग, मी काम करत असताना माझ्या मागे उभा राहा. आणि मला ऐकू येत नाही म्हणावं, काही चुकलं तर खांद्यावर हात ठेव.

दादा